एकेक कमी करताना

लोखंडी कपाट टेम्पोत चढवताना त्याचा एक पाय निखळला. आनंदराव हसत म्हणाले, "बघ वनिता, त्यालाही जायची घाई झालीय." टेम्पोवाला हसला. वनिताबाईही हसल्या, कारण गल्लीतल्या चार बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. कपाट गेलं तशी त्याच्या मागची भिंत उघडी पडली. सव्वीस वर्षं तिला ना ऊन लागलं होतं, ना कुणाचा हात. बाकीच्या खोलीपेक्षा ती गडद निघाली. लग्नातल्या दोन साड्या वनिताबाईंनी आदल्या दिवशीच काढून एका कापडी पिशवीत ठेवल्या होत्या. आनंदरावांनी ती पिशवी पाहिली होती आणि तशीच राहू दिली होती.

आनंदराव एकतीस वर्षं एसटीत होते. आधी भोर डेपोचेच कंडक्टर, मग शेवटची चौदा वर्षं तिथल्याच स्टँडवर वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रद्द झाली, कुणाची पिशवी राहिली, सगळं तेच माईकवरून सांगायचे. निवृत्त झाल्यावरही पहिले काही महिने त्यांच्या कानात तो गोंगाट चालूच होता. प्रार्थनेला डोळे मिटले की मधेच वेल्ह्याची गाडी लागायची, असं ते स्वतःच सांगायचे आणि हसायचे.

मग लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत चर्चच्या मंडळीत तीन दिवस सभा झाल्या. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. शेवटच्या दिवशी त्यांनी लोकांना विचारलं, घरात असं काय आहे की जे गेलं तर तुम्हाला झोप लागणार नाही? तेवढं उचलून बाजूला ठेवा, म्हणाले, आणि बघा देवाला बसायला जागा होते का. लोकांनी माना डोलावल्या, घरी जाऊन जेवले आणि विसरले. आनंदराव विसरले नाहीत.

सुरुवातीला वनिताबाईंना बरंच वाटलं. माळ्यावरचे जुने डबे, रद्दी, तुटक्या खुर्च्या, कधीच न लागणारी भांडी निघाली. घर मोकळं झालं. मग टीव्ही गेला. चार दिवस जड गेलं, पाचव्या दिवशी सवय झाली. आनंदराव काहीही विकत नसत. ज्याला गरज आहे त्याला शोधून काढायचे आणि स्वतः नेऊन द्यायचे. देऊन आले की त्यांचा चेहरा आंघोळ करून आलेल्या माणसासारखा स्वच्छ दिसायचा. तो चेहरा वनिताबाईंना आवडायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर त्यांनी तो पाहिलाच नव्हता.

शिवाय त्यांनी कधी सक्ती केली नाही. सक्ती केली असती तर भांडता तरी आलं असतं. प्रत्येक वेळी ते विचारायचे आणि थांबायचे. शिलाई मशीनच्या वेळीही तसंच झालं.

"तुझी वस्तू आहे," ते म्हणाले. "तुझ्या मनाविरुद्ध मुळीच नको. फक्त एकदा देवासमोर ठेवून बघ."

"त्याच्यावर गल्लीतल्या सगळ्यांची पोलकी होतात, अहो."

"मी कुठं नाही म्हणतोय? तू विचार त्याला. मला नको सांगूस, त्यालाच सांग."

त्यालाच सांग म्हटल्यावर काय सांगणार? मशीन मला तुझ्यापेक्षा प्यारं आहे, असं? वनिताबाईंनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या संघपालच्या शिवानीला बोलावून मशीन तिच्या हवाली केलं. शिवानीनं नुकताच शिवणकामाचा कोर्स केला होता. तिनं वाकून नमस्कार केला, तेव्हा आपण चांगलं काम केलं असं वनिताबाईंना खरंच वाटलं.

आठवड्यानं त्यांच्या ध्यानात आलं की मशीनबरोबर आपलं आणखी काहीतरी गेलंय. वनिताबाईंनी आयुष्यात कधी हात जोडून बसून मनापासून प्रार्थना केलीच नव्हती. चर्चमध्ये करायच्या ती सगळ्यांबरोबर. खरी प्रार्थना व्हायची ती मशीनचा पायटा हलवताना. हातात जिचं कापड, तिच्या घरचं ओठांवर यायचं. हिच्या मुलीचं जमू दे, प्रभू. हिच्या नवऱ्याची दारू सुटू दे. ह्या बाहीला कापड कमी पडतंय, तेवढं बघ. तीस वर्षं हे चाललं होतं आणि त्याला प्रार्थना म्हणतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आता त्या नवऱ्याशेजारी चटईवर बसायच्या, डोळे मिटायच्या, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढं काहीच यायचं नाही. शेजारी आनंदरावांचा श्वास संथ चाललेला असायचा. हे त्यांना सांगायचं कसं? ते इतके आनंदात होते.

पावसाळा सरल्यावर भोरची भाड्याची जागाही सोडायचं ठरलं. तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्यापासून चार किलोमीटरवरच्या वाडीत, आनंदरावांच्या वडिलांनी, सावळारामांनी, बांधलेल्या दोन खोल्या होत्या. दोन चटया, चार भांडी, पाण्याचा हंडा, पवित्र शास्त्र आणि कपड्यांची एक ट्रंक एवढं घेऊन दोघं तिथं राहायला गेली.

शेजारचं घर भावकीचंच होतं. आनंदरावांचे आजोबा मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झाले. त्यांच्या भावाच्या पोरांनी पुढं बौद्ध धम्म घेतला. पण बांध एकच होता आणि लग्नकार्यात पंगतही एकच. त्या घरात आता अक्काबाई होती, आनंदरावांची चुलती, पंच्याहत्तरीची, आणि तिचा मुलगा नागसेन. नागसेन कामथडीजवळच्या एका गोदामात पहाऱ्यावर होता. दोन-दोन पाळ्या लागोपाठ करून एकदमच घरी यायचा.

"आनंदा, येवढं सगळं सोडून हितं काय करणार तू?" अक्काबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"शांत बसणार, काकू. देवाचं ऐकणार."

"त्येच्यासाठी येवढ्या लांब?" म्हातारी पदर सावरत म्हणाली. "आमी तर हितंच हाय. आमाला कोण काय सांगितलं न्हाई अजून."

आनंदराव मनापासून हसले. तेव्हा ते अजून हसत होते.

शेवटी राहिला मोबाईल. वाडीत तशीही रेंज नव्हती. रस्त्याच्या वरच्या वळणावर गेलं तर एखादी रेघ यायची. आनंदरावांनी आपला फोन मंडळीतल्या एका गरजू माणसाला आधीच देऊन टाकला होता. वनिताबाईंचा साधा फोन होता. त्या रोज संध्याकाळी वळणावर जाऊन अश्विनीशी बोलून यायच्या.

अश्विनी त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याला असायची, जावई कुमार एका शाळेत शिक्षक. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि आत्ता कुठं तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेर म्हणायला आता दोन खोल्या आणि एक हंडा. म्हणून मार्च लागला की वनिताबाईंनीच पुण्याला जायचं ठरलं होतं.

नाताळ झाल्यावर आनंदराव एकदा जेवता जेवता म्हणाले, "तू फोनवरून आलीस की रात्रभर तुझं मन तिकडंच असतं. मला जाणवतं ते. ईस्टरपर्यंत बंद ठेवून बघू या का?"

"अश्विनीला पाचवा चाललाय."

"नागसेनचा नंबर दिलाय की तिला. काही लागलंच तर तो आहे. आणि मार्चमध्ये तू जाणारच आहेस. नाही म्हणालीस तरी चालेल हं."

वनिताबाईंना दर वेळी नाही म्हणणारी व्हायचा कंटाळा आला होता. देवाच्या आणि नवऱ्याच्या मधे आता एवढीच एक वस्तू उरली होती आणि ती त्यांच्या हातात होती. त्यांनी अश्विनीला कळवलं. ती म्हणाली, "बरं आई. तुम्हाला बरं वाटत असेल तर करा तसं." दुसऱ्या दिवशी वनिताबाईंनी फोन बंद केला. बटण त्यांनी स्वतः दाबलं. फोन त्या साड्यांच्या पिशवीत गेला.

फेब्रुवारीतला बुधवार होता. अक्काबाईच्या अंगणात दोघी वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. ऊन डोक्यावर आलं होतं. नागसेनची मोटरसायकल वर आली आणि त्यानं ती बंद न करताच विचारलं, "वहिनी, दादा कुठं हाईत?"

"आत बसलेत. का?"

"अश्विनीला दवाखान्यात नेलंय. काल दुपारीच. माज्या दोन पाळ्या होत्या, फोन गेटवर जमा असतो आमचा. सकाळी हातात आला तवा बघितलं, कुमारचे अकरा फोन." त्याचा चेहरा घामानं निथळत होता. तो वनिताबाईंकडं बघत नव्हता. "चला लवकर. वेल्ह्यापर्यंत जीप सांगून आलोय."

"काय झालं तिला? काय म्हणाला कुमार?"

"दवाखान्यात हाये म्हणाला. चला तुमी."

अक्काबाईनं शेंगांची पाटी बाजूला सारली आणि त्याच हातानं वनिताबाईंना उठवलं. आनंदराव बाहेर आले ते अनवाणीच. पुन्हा आत जाऊन चपला घालायला त्यांना फार वेळ लागला. वनिताबाईंनी पिशवीतून फोन काढून घेतला.

वेल्ह्याच्या स्टँडवरून गाडी सुटायला पाऊण तास होता. एकतीस वर्षं दुसऱ्यांना गाड्यांच्या वेळा सांगितलेला माणूस बाकावर बसून घड्याळाकडं बघत राहिला. गाडीत बसल्यावर त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. वनिताबाई फोनचं बटण दाबून बसल्या होत्या. मार्गासनी ओलांडल्यावर रेंज आली आणि फोन हातातल्या हातात थरथरायला लागला. एकामागून एक मेसेज येत होते. सगळ्यांत शेवटचा कुमारचा होता, सकाळी साडेनऊचा. 'आई, बाळ पहाटे गेलं. मुलगी होती. एक वाजता दफन आहे. पोचाल का?'

दोन वाजून गेले होते.

वनिताबाईंनी तो दोनदा वाचला आणि फोन आनंदरावांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. नंतर नसरापूर येईपर्यंत ते फोन तसाच धरून बसले होते, जणू त्यात अजून काही लिहून यायचं होतं. पुढच्या सीटवरची बाई कोथिंबिरीची जुडी मांडीवर घेऊन झोपली होती. वनिताबाईंना वाटलं, ओरडावं. पण कुणावर ओरडायचं ते ठरेना.

दवाखान्यात अश्विनी भिंतीकडं तोंड करून पडली होती. आई आलेली कळताच तिनं वळून तिच्या कमरेला मिठी घातली. आवाज न करता ती खूप वेळ रडली. आनंदराव पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी पुढं होऊन तिच्या पायावर हात ठेवला. अश्विनीनं पाय आखडून घेतला.

"पप्पा," ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "तुम्हाला शांतता पाहिजे होती ना? मिळाली?"

कुमारनं बाहेर व्हरांड्यात सगळं सांगितलं. मंगळवारी दुपारी अचानक कळा सुरू झाल्या. संध्याकाळी बाळ झालं, एवढंसं. रात्रभर काचेच्या पेटीत होतं. पहाटे डॉक्टर बाहेर आले. छोटी शवपेटी रिक्षातून मांडीवर घेऊन गेलो, म्हणाला. चर्चचे पाळकसाहेब आले होते, आणखी दोघं होते. त्याचे आईवडील लातूरहून निघाले होते, तेही वाटेतच होते. "आई, तुम्ही असता तरी काही झालं नसतं," तो म्हणाला. "पण ती रात्रभर तुम्हाला फोन लाव म्हणत होती. लागणार नाही हे माहीत असून मी लावत होतो."

आनंदराव दुसऱ्या दिवशी वाडीला परत गेले. त्यांना कुणी जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही.

वनिताबाई चाळीस दिवस पुण्यात राहिल्या. अश्विनीला दूध येत होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, तरी काही दिवस येतच राहिलं. छातीत दुखायचं, ब्लाउज भिजायचा आणि ती तशीच बसून राहायची. वनिताबाई गार पाण्यात फडकी भिजवून आणायच्या. तेवढंच त्यांच्या हातात होतं. अंग पुसून देताना कधी कधी नवऱ्याचा इतका राग यायचा की हात थांबायचे. पण राग पुरता यायच्या आधीच ते बटण आठवायचं. आनंदरावांनी नाही म्हण, चालेल, असं म्हटलं होतं. मग राग कुठं ठेवायचा, हे त्यांना कळत नसे.

त्या परत आल्या तेव्हा लेंटचेच दिवस चालू होते. आनंदराव दारातच बसले होते. गळ्याची हाडं वर आली होती. अक्काबाई दोन वेळची भाकरी आणून द्यायची, ती अर्धी तशीच राहायची.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"चालती फिरती झालीय."

"माझं काही..." ते थांबले. "असू दे."

जेवण झाल्यावर वनिताबाईंनी चटई अंथरली. रोजची प्रार्थनेची वेळ होती. आनंदराव बसले नाहीत. भिंतीला टेकून उभेच राहिले.

"वनिता, मला काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. "तेव्हाही येत नव्हतं. तुला सांगितलं नाही. मला वाटायचं, अजून काहीतरी मधे आहे. म्हणून आणखी एक वस्तू काढायचो. देताना बरं वाटायचं. ते बरं वाटणं म्हणजेच तो, असं मी धरून चाललो. फोन गेला, आणि द्यायला काही उरलंच नाही. मग नुसता बसायचो."

वनिताबाईंना वाटलं, आता आपणही सांगावं. मशीन गेल्यापासून माझंही बंद झालंय, म्हणावं. पण हा पडलेला माणूस, ह्याच्यावर आणखी काय टाकायचं?

"परत जाऊ या का भोरला?" आनंदरावांनीच विचारलं.

"कुठं?" वनिताबाई म्हणाल्या. त्या जागेत दुसरे भाडेकरू आले होते. गल्लीतल्या कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, की आम्ही दिलेलं परत द्या म्हणून? "इथंच राहू. दुसरं काय करणार?"

दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा वळणावर जायला लागल्या. आनंदरावही बरोबर यायचे. चढ चढताना त्यांना दम लागायचा. वनिताबाई दगडावर बसून फोन लावायच्या आणि ते दहा-बारा पावलं पलीकडं, तोरण्याकडं तोंड करून उभे राहायचे. अश्विनीनं त्यांचं नावच टाकलं होतं. फोन ठेवल्यावर त्या खरं तेच सांगायच्या.

"तुमचं काही विचारलं नाही."

"बरं," ते म्हणायचे, आणि दोघं खाली उतरायची.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात उतरता उतरता त्यांनी विचारलं, "त्यांनी नाव काही ठरवलं होतं का गं? बाळाचं?"

वनिताबाई चपापल्या. चाळीस दिवस त्या घरात होत्या, पण हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं की धीर झाला नव्हता, कोण जाणे.

"बाळ, बाळ म्हणून प्रार्थना पुढंच जात नाही," आनंदराव म्हणाले. "कुणासाठी मागतोय तेच कळत नाही. नाव असतं तर निदान तेवढं तरी म्हटलं असतं."

दुसऱ्या दिवशी वनिताबाईंनी विचारलं. अश्विनी म्हणाली, "सगुणा."

सगुणा म्हणजे आनंदरावांची आई. त्यांच्या लग्नाआधीच वारली होती. वनिताबाईंनी तिला फक्त एका फोटोत पाहिलं होतं.

"मीच ठरवलं होतं," अश्विनी म्हणाली. "मुलगी झाली तर हेच. कुमारला जुनं वाटत होतं, पण मी म्हटलं, पप्पा किती खूश होतील. तुला सांगणार होते मी. फोन बंद केलात ना तुम्ही, त्याच आठवड्यात ठरलं."

"अश्विनी..."

"त्यांना सांगू नकोस, आई. शपथ आहे माझी. त्यांना आत्ता हे मिळायला नको. मला सहन होणार नाही. मी तयार झाले की मीच सांगेन, नाहीतर नाही."

"अगं, ते तिच्यासाठी प्रार्थना करायला नाव मागतायत."

"मग मागू देत," अश्विनी म्हणाली आणि रडायला लागली. वनिताबाई "नाही सांगत, नाही सांगत" म्हणत राहिल्या.

फोन बंद करून त्या उठल्या. आनंदराव वळून बघत होते. ह्या वेळी ते दोन पावलं जवळ आले होते.

"विचारलंस?"

"विषयच निघाला नाही," वनिताबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्या नवऱ्याशी सहसा खोटं बोलल्या नव्हत्या, त्यामुळं त्यांना ते नीट जमलंही नाही. आनंदरावांनी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. कळलं असावं त्यांना. मान हलवून ते पुढं चालू लागले आणि उताराच्या निसरड्या जागी नेहमीसारखा हात मागं धरला. वनिताबाईंनी तो धरला.

संध्याकाळी दोघं चटईवर बसली. आनंदरावांनी बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं सुरुवात केली. "हे प्रभू, त्या लेकराला..." म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "त्या लेकराला..." पुढचा शब्द त्यांच्याकडं नव्हता. तो वनिताबाईंच्या तोंडात होता आणि त्यांनी दात घट्ट आवळून धरले होते. मशीन गेल्यापासून पहिल्यांदाच मिटल्या डोळ्यांपुढं काहीतरी आलं होतं. तो एकच शब्द होता, आणि त्याच्यापुढं काय मागायचं हे त्यांनाही सुचत नव्हतं. बरं कर म्हणावं तर लेकरू मातीत होतं. क्षमा कर म्हणावं तर कुणाला आधी, हे कळत नव्हतं. म्हणून त्या मनातल्या मनात नुसतं नावच घेत राहिल्या.

अक्काबाईच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. दोघांपैकी कुणीच आमेन म्हटलं नाही, आणि उठलंही नाही.